ड्रायव्हर सीट पोझिशन सेन्सर ‘ओपन’: सेन्सर विकत घेण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. शारजात घेतलेली, अमेरिकेतून आलेली २०१४ ची जपानी सेडान. एअरबॅगचा दिवा लागला तो विझतच नाही. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला तर ‘ड्रायव्हर सीट पोझिशन सेन्सर, सर्किट ओपन’ असा कोड आला. एका मित्राने सीटखालचा कप्लर (तारा जोडणारा कनेक्टर) काढून ओहमवर, म्हणजे रेझिस्टन्स मोजायच्या जागी ठेवून, मीटर लावला, काट्याने काहीच दाखवलं नाही, म्हणून सेन्सर मेला असं ठरलं. आता सेन्सर बदलायचा का, आणि तोवर गाडी चालवायची का? गाडी बहुतेक वेळा पत्नी चालवते, आणि उंची कमी असल्यामुळे सीट बरीच पुढे घेऊन बसते.

सेन्सर आत्ताच घेऊ नका. मित्राने घेतलेल्या मापावरून काहीच सिद्ध होत नाही, त्याचं कारण पुढे येईल. आणि ‘ओपन’ हा कोड सेन्सरबद्दल नाही, सर्किटबद्दल आहे. मॉड्यूलने, म्हणजे एअरबॅग चालवणाऱ्या कंप्युटरने, पाठवलेला करंट परत येत नाही, एवढंच त्याला कळतं. तार तुटली, कप्लर सुटला की सेन्सर आतून गेला, हे त्याला दिसत नाही. आखातात मी बरीच वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं, आणि अमेरिकेतल्या लिलावातून उचललेल्या गाड्या तिथे ढिगाने यायच्या. अशा गाडीत हा कोड दिसला की माझा पहिला संशय सीटखालच्या कप्लरवर जातो, दुसरा आधी कोणीतरी केलेल्या दुरुस्तीवर. सेन्सरचा नंबर सगळ्यात शेवटी.

आधी गाडी चालवण्याचं बोलू. दिवा लागलेला असताना धडक झाली तर कोणती एअरबॅग उघडेल आणि किती जोराने, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. काही मॉड्यूल फक्त बिघडलेल्या सेन्सरकडे दुर्लक्ष करून एक ठरावीक जोर धरून चालतात, काही त्याहून जास्त गोष्टी बंद ठेवतात. सीट बेल्ट अर्थातच धरतो, पण धडकेच्या क्षणी बेल्ट आवळणारा प्रिटेन्शनरही त्याच मॉड्यूलच्या हुकमावर चालतो, त्यामुळे त्याचीही खात्री धरू नका. शक्य असेल तर पत्नीने दुसरी गाडी वापरावी. नाहीच जमलं तर पेडलला पाय नीट पोचतो त्या मर्यादेत सीट जितकी मागे जाईल तितकी घ्या, पाठ थोडी कलती करा, आणि छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत किमान १० इंच, म्हणजे साधारण २५ सेंटिमीटर अंतर राहतं का ते टेपने मोजून घ्या. डोळ्यांनी अंदाज केला तर तो हमखास चुकतो.

हे अंतर आणि तुमचा सेन्सर यांचं नातं सरळ आहे. नव्वदच्या दशकात अमेरिकेत कमी वेगाच्या अपघातांतसुद्धा स्टिअरिंगला चिकटून बसणारे कमी उंचीचे चालक आणि पुढच्या सीटवरची मुलं एअरबॅगच्याच धक्क्याने दगावली. म्हणून तिथल्या वाहन सुरक्षा मानक क्रमांक २०८ मध्ये २००० साली बदल झाला, आणि सप्टेंबर २००३ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू होत सप्टेंबर २००६ पर्यंत सगळ्या नव्या गाड्यांवर आला. कमी उंचीच्या बाईएवढा डमी, सुमारे दीडशे सेंटिमीटर उंच आणि पन्नासेक किलोचा, चाचणीत आला. या चाचण्या पास व्हायला कंपन्यांनी दोन टप्प्यांत फुगणाऱ्या एअरबॅगा बसवल्या, आणि चालक किती पुढे बसलाय हे कळावं म्हणून बऱ्याच जणांनी सीट ज्यावर सरकते त्या रेलवर हा छोटा सेन्सर लावला. सीट ठरावीक रेषेच्या पुढे असेल तर एअरबॅग सौम्य, मागे असेल तर गरजेप्रमाणे पूर्ण जोराने. म्हणजे तुमच्या घरात हा सेन्सर ज्या व्यक्तीसाठी बनवलाय, तीच गाडी चालवते आहे. दिव्यावर टेप चिकटवून गाडी पळवणारे पुष्कळ भेटतात. तुमच्या बाबतीत तो विचारही नको.

यातून तपासाच्या कामाची एक गोष्ट निघते. सेन्सर बसवाच असं कायद्यात लिहिलेलं नाही, आणि हा नियम अमेरिकेचा. त्यामुळे त्याच मॉडेलच्या आखाती किंवा भारतीय गाडीच्या सीटला तो नसूही शकतो. अमेरिकेत अपघातात सापडलेली गाडी आखातात येऊन दुरुस्त होते तेव्हा साइड एअरबॅग फुटलेली सीट काढून भंगार बाजारातली दुसरी बसवणं सर्रास चालतं. ती सीट आखाती गाडीतली असेल तर कप्लर बसतो, मोटर चालतात, चामड्याचा रंगही जुळतो, फक्त सेन्सर तिथे नसतो. मॉड्यूल मात्र त्याची वाट बघत बसतं आणि प्रत्येक वेळी ‘ओपन’ म्हणून ओरडतं. म्हणून तुमच्याकडे पहिलं काम म्हणजे टॉर्च घेऊन सीटखाली वाकणं आणि सेन्सर मुळात आहे का हे पाहणं. दोन रेलपैकी एकीला, बहुतेक आतल्या बाजूला, काड्यापेटीहून लहान काळा प्लास्टिकचा तुकडा स्क्रूने लावलेला असतो आणि त्यातून बारीक तारा निघतात. लक्षात ठेवा, तुमच्या गाडीत ड्रायव्हर डावीकडे आहे. मॅन्युअलमधलं डावं-उजवं हे गाडीत पुढे तोंड करून बसल्यावरचं असतं. भारतातून आलेले फिटर सवयीने उजवी सीट उघडून बसतात.

अजून हात लावू नका, फक्त चावी ऑन करून मीटरकडे बघा. एअरबॅगचा दिवा स्वतःची तपासणी म्हणून काही सेकंद लागतो, दोष नसेल तर विझतो. दोष असेल तर लागून राहतो. तुमचा लागतो, म्हणजे निदान दिव्याशी कोणी खेळलेलं नाही. चावी ऑन केल्यावर जो दिवा लागतच नाही, त्या गाडीला मी जास्त घाबरतो. अपघातानंतर पुन्हा उभ्या केलेल्या गाड्यांत फुटलेल्या एअरबॅगच्या जागी रेझिस्टर खोचून मॉड्यूलला गप्प बसवलेलं मी पाहिलंय. तुमच्या गाडीत असं काही केलेलं नाही ना, हेही याच कामात तपासून घ्या. पिवळ्या कप्लरांच्या मागे काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली दिसली तर समजा, कोणीतरी इथे येऊन गेलंय.

आता मीटरचा मुद्दा. या सेन्सरमध्ये बहुतेक वेळा हॉल इफेक्टची चिप (चुंबकाचा प्रभाव ओळखणारी) आणि शेजारी एक लोहचुंबक असतं. सेन्सर रेलच्या एका भागावर, आणि त्याच रेलच्या दुसऱ्या भागावर लोखंडी पट्टी. सीट सरकते तशी ही पट्टी चुंबक आणि चिप यांच्या मध्ये येते किंवा बाहेर जाते, आणि चिप दोनपैकी एक करंट ओढते: एका स्थितीत साधारण ५ ते ७ मिलीअँपिअर, दुसऱ्या स्थितीत १२ ते १७. पुढे कोणता आणि मागे कोणता, हे गाडीगणिक बदलतं. करंट या दोन्ही मर्यादांच्या बराच खाली गेला की मॉड्यूल ‘ओपन’ म्हणतं, बराच वर गेला की ‘शॉर्ट’, आणि मधलंच काहीतरी आलं तर ‘चुकीचा सिग्नल’. यात रेझिस्टन्स कुठेच मोजला जात नाही. शिवाय चिप जागी व्हायला तीन-साडेतीन व्होल्टच्या वर काहीतरी लागतं. ओहमवर ठेवलेला साधा मीटर तेवढं देतच नाही. नवाकोरा सेन्सरही त्याला ‘ओपन’ दिसू शकतो. झोपलेल्या माणसाला कुजबुजत हाक मारून तो ओ देत नाही म्हणून बहिरा ठरवावा, तसं झालं हे. काही गाड्यांत हॉलऐवजी साधा स्विच आणि रेझिस्टर असतात, तिथे ओहम चालतो. काहींत तीन तारांचा व्होल्टेज देणारा सेन्सर असतो. तुमच्यात कोणता, हे त्या गाडीच्या वायरिंग डायग्रामवरून ठरवायचं. तारा मोजून अंदाज बांधू नका.

आणि मित्राला एक निरोप द्या: सीटखाली ओहमवरचा मीटर पुन्हा कधी लावू नको. त्याच जागी साइड एअरबॅगचा आणि कधीकधी प्रिटेन्शनरचा कप्लरही असतो. तिथे मीटर किंवा टेस्ट लॅम्प टेकवणं म्हणजे बारूद पेटवणाऱ्या तारेला बॅटरी लावणं. मीटरचा करंट कमी असतो म्हणून बहुतेक वेळा काही होत नाही, पण ‘बहुतेक’वर हे काम करत नाहीत.

सीटखालचं काम असं करायचं. सीट आधी हवी तिथे सरकवून घ्या, कारण नंतर मोटर चालणार नाही. स्कॅनरवरचे सगळे कोड कागदावर उतरवा. इग्निशन बंद, बॅटरीचा मायनस काढून बाजूला बांधा, आणि थांबा. मॉड्यूलमध्ये कपॅसिटर असतो. बॅटरी तुटली तरी एअरबॅग उडवण्याइतका चार्ज तो थोडा वेळ धरून ठेवतो. काही कंपन्या ९० सेकंद सांगतात, काही तीन मिनिटं. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, नाही मिळाला तर पाच मिनिटं चहा घ्या. रेडिओची सेटिंग जाऊ नये म्हणून सिगारेट सॉकेटमध्ये छोटी बॅटरी लावायची युक्ती इथे करू नका, सगळी मेहनत वाया जाते. साइड एअरबॅग असलेली सीट काढताना पाठीच्या बाहेरच्या कडेसमोर तोंड आणू नका. ही कामं पूर्वी केली नसतील तर तुम्ही फक्त शेजारी उभं राहा आणि करणाऱ्याला पुढच्या गोष्टी विचारा.

सीट मागे कलती केली की खरा खजिना दिसतो: नाणी, पेन, पाण्याची बाटली, मोबाइलच्या चार्जरची वायर. पॉवर सीट खाली किंवा मागे जाताना यातली एखादी वस्तू हार्नेसला, म्हणजे तारांच्या जुडग्याला, रेलमध्ये ढकलते. कप्लर ज्या क्लिपमध्ये बसलेला असतो ती क्लिप तुटली की तो लोंबकळतो आणि सीटच्या प्रत्येक हालचालीबरोबर तारांना हिसका बसतो. तार वरून धड दिसते, आतलं तांबं तुटलेलं असतं. बोटांनी तार हलकी ओढून बघा. तुटलेल्या जागी ती रबरासारखी ताणली जाते.

मग कप्लर उघडून आत बघा. अमेरिकन लिलावातल्या गाड्यांत पुरात बुडालेल्या गाड्याही असतात. २०१७ च्या हार्वी वादळात एकट्या टेक्सासात लाखो गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि अशा गाड्या धुऊन-पुसून जगभर विकल्या जातात. सीटखालचे कप्लर कार्पेटवरच असल्याने पाणी आधी तिथे पोचतं. पिनांवर हिरवी-निळी बुरशी, सीटच्या बोल्टवर गंज, कार्पेटच्या मागच्या बाजूला वाळू किंवा चिखलाची रेघ ही त्याची खूण. असं दिसलं तर फक्त पिना घासून समाधान मानू नका. मॉड्यूल मधल्या कन्सोलखाली, म्हणजे जवळपास त्याच उंचीवर बसलेलं असतं. तेही बघावं लागेल.

बुरशी नसेल तर पिनांची पकड तपासा. त्याच मापाची सुटी नर पिन प्रत्येक मादी टर्मिनलमध्ये घालून ओढा, थोडी पकड जाणवली पाहिजे. जी सैल लागते ती दोषी. मीटरची जाडी टोकं त्यात खुपसणारे लोक स्वतःच हा दोष तयार करतात. तुमच्या मित्राने माप घेताना एखादं टर्मिनल फाकवलेलं नसेल याची खात्री करा, नाहीतर एकाचे दोन दोष झालेले असतील.

इथवर काही सापडलं नाही तर सेन्सरला स्वतंत्र तपासा. गाडीत, चालू सर्किटमध्ये मिलीअँपिअर मोजता येतात, पण मला ते आवडत नाही. काही मॉड्यूल सेन्सरला सतत व्होल्टेज देत नाहीत, मध्येमध्ये ठोके देतात, आणि साधा मीटर भलतीच सरासरी दाखवतो. त्यापेक्षा सेन्सर स्क्रू काढून टेबलावर घ्या. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि १०० ओहमचा एक रेझिस्टर, दुकानात चिल्लर किमतीत मिळतात. डायग्राम बघून प्लस-मायनस ठरवा, प्लसच्या तारेत रेझिस्टर घाला आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांना लावा. १०० ओहममधून ५ ते ७ मिलीअँपिअर गेले तर ०.५ ते ०.७ व्होल्ट दिसेल, १२ ते १७ गेले तर १.२ ते १.७. आता खाचेतून लोखंडी फूटपट्टी आत-बाहेर करा. खाच नसून सपाट तोंड असेल तर जाड लोखंडी तुकडा जवळ-दूर न्या. आकडा एका पातळीवरून दुसरीवर झटक्यात उडी मारत असेल तर सेन्सर धडधाकट आहे, आणि नवा घेतला असता तर पैसे वाया गेले असते. हळूहळू सरकत असेल, एकाच आकड्यावर अडला असेल किंवा शून्य असेल तर सेन्सर गेला. हे करताना सेन्सरची तार मुळाशी थोडी वळवत राहा. प्लास्टिकमधून तार बाहेर येते तिथे आतून तुटलेली असेल तर ती तेव्हाच पकडली जाते.

सेन्सर चांगला निघाला तर उरल्या तारा आणि मॉड्यूल. बॅटरी काढलेली असताना मॉड्यूलचा कप्लरही काढा आणि सीटखालच्या कप्लरपासून तिथपर्यंत त्या दोनच तारा तपासा: सलग आहेत का, बॉडीला लागतात का, एकमेकींना लागतात का. हे काम डायग्राममधले पिन नंबर समोर ठेवूनच करायचं. शेजारची पिन एअरबॅगची असते. मॉड्यूलला दोष देण्याची घाई करू नका. या एका कोडसाठी मॉड्यूल बदलावं लागल्याचं मी क्वचितच पाहिलंय, पुराचं पाणी शिरलेल्या गाड्या सोडल्या तर.

कधी येणारा, कधी जाणारा कोड असेल तर रीत वेगळी. चांगल्या स्कॅनरमध्ये एअरबॅगचा लाइव्ह डेटा दिसतो. साधा ओबीडी स्कॅनर इंजिनचे कोड वाचतो, एअरबॅगच्या ‘बी’ कोडसाठी त्या कंपनीला चालणारा स्कॅनर लागतो. लाइव्ह डेटात ‘सीट स्थिती’ उघडा आणि सीट अगदी पुढून अगदी मागे, हळूहळू न्या. एका जागी ‘पुढे’चं ‘मागे’ झालं पाहिजे, आणि उलट येताना थोड्या वेगळ्या जागी परत; तेवढा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. मध्येच कुठे ‘अवैध’ चमकलं तर सीट तिथेच थांबवा आणि त्या जागी तार कशी ताणली जाते ते बघा. स्थिती बदलतच नसेल पण ‘ओपन’ नसेल, तर तारांच्या मागे न लागता लोखंडी पट्टी बघा. ती वाकलेली असते, किंवा चुंबकावर लोखंडाचा भुगा चिकटून बसलेला असतो. ब्रशने काढा, काम झालं. प्रवाशाच्या सीटमधली वजन ओळखणारी यंत्रणा वेगळी, तिला दुरुस्तीनंतर शून्यावर सेट करावं लागतं. ड्रायव्हरच्या या सेन्सरला सहसा तसं काही लागत नाही. तरीही ‘कॅलिब्रेशन’चे पैसे मागणारे आहेत, तेव्हा मॅन्युअलमधलं पान दाखवा म्हणायचं.

तार जोडायची झाली तर पिळून टेप लावणं इथे चालणार नाही. कंपनीने सांगितलेला क्रिंप जोड आणि गोंदाची श्रिंक ट्यूब वापरा. एअरबॅगच्या पिवळ्या तारांना तर जोडच देऊ नका, हार्नेस बदला. सीटचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. शेवटी सगळे कप्लर जागेवर बसवून, गाडीत कोणी नसताना बॅटरी जोडा, चावी ऑन करा, कोड पुसा, सीट पाच-सहा वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा, दोन-चार गतिरोधकांवरून गाडी न्या आणि पुन्हा स्कॅन करा. कोड पुसल्या पुसल्या विझलेला दिवा दाखवून गॅरेजवाला पैसे मागेल. स्कॅनचा दुसरा कागद मिळेपर्यंत देऊ नका.

हे वाचणाऱ्या महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी एवढंच: भारतात नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, पण हा रेलवरचा सेन्सर आपल्या नेहमीच्या गाड्यांत सहसा नसतो. तरी सीट कव्हर चढवल्यावर किंवा पावसाळ्यानंतर कार्पेट धुतल्यावर एअरबॅगचा दिवा लागला, तर सीट बेल्टच्या बकलचा आणि साइड एअरबॅगचा कप्लर सीटखालीच असतो आणि शोधायची रीत हीच. साइड एअरबॅग असलेल्या सीटला सगळीकडून शिवलेलं कव्हर घालणं, हा तर वेगळ्याच भांडणाचा विषय आहे.

तुमच्या गाडीसाठी आणखी एक काम, या कोडशी संबंध नसलेलं. त्या काळातल्या पुष्कळ जपानी गाड्यांत ताकाता या जपानी कंपनीचे इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारे डबे) आहेत. त्यातलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्ण, दमट हवेत खराब होतं आणि एअरबॅग उघडताना धातूचं कवच फुटून तुकडे उडतात. एकट्या अमेरिकेत असे सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत मागवले गेले. तुमची गाडी अमेरिकन असल्याने तिचा १७ अक्षरी चासिस नंबर अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या रिकॉल पानावर टाकला की काम बाकी आहे का ते लगेच कळतं. बाकी निघालं, तर सीटच्या सेन्सरच्या आधी ते करून घ्या, आणि तोवर पत्नीला ही गाडी देऊ नका.